वार सगळंच अडवत नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. आम्ही गावाबाहेर शेतातल्या आखाड्यावर राहतो. माझ्या मंडळीला चौथा महिना सुरू आहे. पहिली मुलगी आठव्या महिन्यातच झाली, वजन 1 किलो 800 भरलं. परभणीला काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता ती चांगली आहे, पळते-खेळते. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाला रक्त कमी मिळालं. का कमी मिळालं ते कुणी सांगितलं नाही. आई म्हणते, हिनं नीट खाल्लं-पिलं नाही. मला मात्र एकच गोष्ट सलते. त्या वर्षी बोंडअळी फार होती, मी सारखा फवारत होतो आणि ही सोबत पंपाला पाणी आणून द्यायची. माझ्या फवारणीमुळं तसं झालं का? आई म्हणते, लेकरू वारेच्या आड असतं, त्याला बाहेरचं काही लागत नाही. यंदा हिला माहेरी पाठवून द्यावं का? घरी गॅस आहे, पण टाकी संपली की चूल. पाणी बोअरचं. सासू-सून दोघी मिसरी लावतात, बाकी कसली सवय नाही. काय करावं ते सांगा.
— एक वाचक, जिंतूर तालुका

उत्तर :

भाऊ, हे पत्र तुम्ही लिहिलंत, याचं मला फार मोल वाटतं. गरोदरपणाबद्दल पत्रं येतात ती बहुतेक बायकांची. त्यांनी काय खावं, कसं झोपावं, काय टाळावं, हे विचारणारी. पण तुम्ही विचारलेल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा एकट्या बाईच्या हातात नसतातच. फवारणीचा पंप तुमच्या पाठीवर असतो, टाकी भरून आणणं तुमच्याकडं असतं आणि चुलीत काय घालायचं हे अख्खं घर ठरवतं.

आधी तुम्हाला सलणारा प्रश्न. एका बाळाचं वजन नेमकं कशामुळं कमी राहिलं, हे मागं वळून छातीठोकपणे सांगता येत नाही. वारेला रक्त कमी मिळायला बीपी वाढलेला असणं, अंगात रक्त कमी असणं, तंबाखू, धूर अशी कितीतरी कारणं असतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र येतात. म्हणून फवारणीचा सगळा दोष स्वतःवर घेऊन बसू नका. आईंनाही सांगा, सुनेच्या खाण्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. पण ‘लेकराला बाहेरचं काही लागत नाही’ हे आईंचं म्हणणं खरं नाही, आणि तिथंच तुम्हाला या खेपेला पुष्कळ काही करता येण्यासारखं आहे.

वार बाळाबरोबर, बाळाच्याच पेशींपासून तयार होते. दिवस भरत येतात तेव्हा ती साधारण अर्ध्या किलोची असते आणि दर मिनिटाला आईचं अर्धा लिटरहून जास्त रक्त तिच्याकडं जात असतं. विहिरीच्या पाण्यात उंबराच्या मुळ्या लोंबाव्यात तसे वारेचे बारीक बारीक फाटे आईच्या रक्तात बुडालेले असतात. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू, साखर, लोह बाळाकडं जातं आणि बाळाची घाण आईकडं येते. बरेचसे जंतू या पडद्याशी अडतात. पण तेल-चरबीत विरघळणारे लहान रेणू अडत नाहीत. कीटकनाशकातलं विष त्यांतलंच.

हे जगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. जपानमधल्या मिनामाटा गावी कारखान्याचा पारा समुद्रात सोडला जात होता, तो माशांत उतरला आणि मासे लोकांच्या ताटात आले. 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला. तिथं काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची मुलं मेंदूला इजा घेऊनच जन्मली. त्या भागात बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढं शास्त्रज्ञांनी त्या नाळा तपासल्या तेव्हा त्यांत तो पारा सापडला. आई धडधाकट दिसते म्हणून आत सगळं ठीक असेल, असं धरून चालता येत नाही.

धुराचंही तसंच. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं, की हवेतले काजळीचे अतिसूक्ष्म कण आईच्या फुप्फुसातून रक्तात आणि तिथून वारेच्या बाळाकडच्या बाजूपर्यंत पोचतात. पुढच्याच वर्षी इटलीत वारेत प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे सापडले. त्या प्लास्टिकनं बाळाला अमुक आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, त्याची भीती घेऊन बसू नका. धुराचा धोका मात्र पक्का आहे. बारीक धूळ-धूर जास्त तिथं कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त, हे कितीतरी देशांत दिसलेलं आहे.

आता तुमचा आखाडा. फवारणीचा खरा धोका शिवारात जितका, तितकाच तुम्ही घरी परत येता तेव्हा असतो. आमच्या भागात मी हे नेहमी बघते : माणूस संध्याकाळी येतो, पाठ आणि पँट औषधानं ओली, पंप ओसरीला टेकवतो. लेकरू पळत येऊन पायाला बिलगतं. शर्ट खुंटीला, त्याच खोलीत जिथं रात्री सगळे झोपतात. उद्या परत तोच शर्ट घालायचा म्हणून तो तसाच राहतो. दोन-तीन दिवसांनी तो धुतो कोण? पोटुशी बाई, हातानं, आपल्या लुगड्या-ब्लाउजांबरोबर एकाच बादलीत. शेतात पाऊलही न टाकता ते औषध तिच्या कातडीतून आत जातं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची औषधं कातडीतून शोषली जातात, श्वासातून जातात आणि वार ओलांडतात.

तर फवारणीच्या दिवशी विहिरीवर किंवा मोटारीजवळच साबण लावून अंघोळ करा, कपडे तिथंच बदला आणि मगच घरात या. मुलीला उचलायचं ते त्यानंतर. फवारणीचा एकच जुना जोड वेगळा ठेवा आणि तो तुम्ही स्वतः, वेगळ्या बादलीत धुवा. नवऱ्यानं कपडे धुतले म्हणून गावात कुणी दोन शब्द बोललं, तर बोलू द्या. पंप आणि बाटल्या राहत्या खोलीत नकोत, बाजेखाली तर अजिबात नकोत. रिकाम्या कॅनमधून शेतात प्यायचं पाणी नेतात, त्यात रॉकेल-डिझेल ठेवतात. किती का वेळा विसळलं तरी ते भांडं पुन्हा वापरायचं नसतं. त्याला भोक पाडून मोकळं व्हा.

मागच्या वेळी वहिनी पंपाला पाणी आणून द्यायच्या, ते या खेपेला बंद. औषध कालवणं सगळ्यात धोक्याचं, कारण ते तेव्हा पाण्यात विरलेलं नसतं. त्या जवळपासही नकोत. फवारलेल्या रानात किती दिवस जाऊ नये ते बाटलीसोबतच्या कागदावर असतं. तोवर खुरपणी नाही, तिथली भाजी तोडणं नाही. आखाडा शेतातच असल्यानं शेजाऱ्याच्या कापसावरचं औषधही वाऱ्यावर तुमच्या अंगणात येतं. त्याला आधी सांगून ठेवा, की फवारायच्या दिवशी सकाळी एक फोन कर. त्या दिवशी मायलेकींना गावातल्या घरी, भावकीत, कुठंही पाठवा. अंगणात वाळत घातलेलं धान्य, पाण्याचा रांजण झाकायला विसरू नका.

बाटलीवरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. दुकानदारानं दोन-तीन औषधं एकत्र कालवून दिली तर घेऊ नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते तुम्हाला आठवत असेल. आणि मुळात फवारण्याच कमी करता येतात. तुमच्या परभणीलाच कृषी विद्यापीठ आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायचे आणि सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ-आठ पतंग सापडले तरच औषधाचा विचार करायचा, ही शिफारस आहे. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क. खर्चही वाचतो. शेजारच्यानं फवारलं म्हणून आपणही फवारायचं, हे या वर्षी तरी नको.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी अर्ध्या ओळीत लिहून टाकलेली गोष्ट. ‘मिसरी लावतात, बाकी कसली सवय नाही.’ भाऊ, तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी याची वाटली. मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून तिच्यातलं निकोटीन जात नाही. ते हिरड्यांतून थेट रक्तात जातं, वारेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचा पुरवठा तेवढा कमी होतो. तंबाखूत कॅडमियमही असतं. हा जड धातू वारेतच साठून राहतो आणि बाळाला मिळणाऱ्या जस्तात आडवा येतो. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांवर झालेला, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे : मिसरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली आणि त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही जास्त झाली. तुमच्या मुलीचं वजन आणि आठवा महिना आठवा.

एकटीनं सोडणं अवघड जातं, कारण डबी त्याच देवळीत असते आणि सकाळी सासूबाई लावत असतात. तेव्हा दोघींनी मिळून सोडायची. आईंना असं सांगा, की नातवंडासाठी पाच महिने तरी घरात मिसरी भाजायची नाही. भाजताना घरभर ठसका लागतो ना, तो धूरही सुनेच्या छातीत जातो. सकाळी दात घासायला साधी पेस्ट आणा. तलफ येते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोरात, मग उतरते. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतः तंबाखू-चुना मळत असाल, बिडी ओढत असाल, तर तेही यातच आलं.

चुलीबद्दल थोडं सविस्तर सांगते. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि बाळाचं रक्त त्याला आईच्या रक्तापेक्षा घट्ट धरून ठेवतं. आई बाहेर मोकळ्या हवेत आली, तिला बरं वाटलं, तरी बाळाच्या रक्तातून तो जायला जास्त वेळ लागतो. म्हणून टाकी संपायच्या आधी दुसरी नोंदवा. फवारणीच्या औषधाला जसे पैसे बाजूला काढता तसे टाकीचे काढा. अडलंच तर चूल अंगणात, उघड्यावर मांडा आणि ती तुम्ही किंवा आईंनी पेटवा. पेटवताना कॅरीबॅग, गुटख्याच्या पुड्या, तुटकी चप्पल घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती कायमची मोडा, प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुराहून वाईट.

भारतासह चार देशांत एक मोठा प्रयोग झाला, आपल्याकडं तो तमिळनाडूत झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. गरोदर स्त्रियांना चुलीऐवजी गॅस दिला. त्यांच्या श्वासातला धूर पुष्कळ कमी झाला, पण बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. मी याचा अर्थ असा घेते, की एकट्या गॅसवर भिस्त ठेवू नका. गॅस त्यांना दिवस गेल्यावर, उशिरा मिळाला होता आणि वजन ठरवणाऱ्या बाकीच्या गोष्टी तिथंच होत्या. दुसरीकडं, 2008 च्या ऑलिंपिकसाठी चीननं बीजिंगची हवा काही आठवडे साफ ठेवली, तेव्हा ज्या आयांचा आठवा महिना त्या काळात पडला त्यांची बाळं सरासरी 23 ग्रॅमनं जड भरली. फरक लहान आहे. पण शेवटच्या महिन्यांतही स्वच्छ हवेचा उपयोग होतो, एवढं त्यातून दिसतं. तुमचं बाळंतपण थंडीत येईल. तेव्हा दार लावून आत शेकोटी किंवा शेगडी नको. बाळंतिणीला शेक-धुरी द्यायची रीतही दार-खिडकी बंद करून पाळू नका.

बोअरच्या पाण्याचं सांगते. आपल्याकडं युरिया आणि गोठ्यातलं पाणी मुरून बऱ्याच बोअर-विहिरींत नायट्रेट वाढलेलं असतं. मर्यादा लिटरमागं 45 मिलिग्रॅमची आहे. ते रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी करतं. टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळून तर ते जात नाहीच, उलट पाणी आटून दाट होतं. गावात ग्रामपंचायतीकडं पाणी तपासायचं किट असतं, त्यासाठी बायकांना शिकवलेलंही असतं. तिथं विचारा, नाहीतर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जास्त निघालं तर बाळंतपणापर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला आरओचं किंवा नळयोजनेचं तपासलेलं पाणी आणा. धुण्या-भांड्याला बोअरचं चालेल.

वहिनींना माती, चुलीचा पोपडा, खापरी खावीशी वाटते का, हे एकदा हळूच विचारा. लाजून सांगत नाहीत. ते बहुतेक वेळा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, आणि त्या मातीतून शिसं पोटात जाऊ शकतं. अंगात लोह कमी असलं की शिसं, कॅडमियम जास्त शोषलं जातं. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मधे काही तास जाऊ द्यायचे. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल. हळद शक्यतो घरच्या हळकुंडांची दळा, चकचकीत पिवळ्या सुट्या पुडीत शिसं मिसळलेलं सापडलेलं आहे.

आणि एक काम या आठवड्यातच करा. पहिलीच्या वेळची सोनोग्राफी आणि कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. त्यांना सांगा, मागच्या वेळी वारेतून रक्त कमी मिळालं होतं. कमी ताकदीची ॲस्पिरिन सुरू करावी का, हे विचारा. ज्यांना धोका जास्त असतो अशा काही जणींना ती देतात आणि ती 16 व्या आठवड्याच्या आसपास सुरू झाली तर उपयोगाची. वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायचं काम साधारण 20 व्या आठवड्यापर्यंत करत असतात, म्हणून आत्ताचा काळ मोलाचा आहे. दुकानातून स्वतः आणून गोळी देऊ नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून ती मिळते. दर वेळी बीपी, लघवीतलं प्रोटीन, हिमोग्लोबिन आणि वजन लिहून घ्या. पुढं बाळाची वाढ आणि वारेतला रक्तप्रवाह सोनोग्राफीत बघायला सांगा.

माहेरी पाठवायचं का? नुसतं लपवून ठेवायला म्हणून नको. माहेरीही चूल असेल, कापूस असेल, मिसरीची डबी असेल, आणि इथली तपासणी तुटेल. तिथं गॅस आहे, शेत घरापासून लांब आहे, दवाखाना जवळ आहे आणि त्यांना स्वतःला जावंसं वाटतं, असं असेल तर फवारणीच्या ऐन दिवसांत जरूर पाठवा. ऑक्टोबरनंतर वेचणी लागेल तेव्हा सहावा-सातवा महिना असेल. वाकून दिवसभर वेचायला त्यांना नेऊ नका. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, तरी.

डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, चेहरा-हात सुजणं, अंगावरून रक्त जाणं, किंवा सहाव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा. फवारणीनंतर घरात कुणालाही खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, पोटात कळा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं दिसलं, तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली पिशवीत घालून सोबत न्या. तिच्यावरचं नाव वाचूनच डॉक्टर उपचार ठरवतात.